याकोबरावांची धामण

भिंगारमध्ये आजही कुणाची मोरी तुंबली की एखादं जुनं माणूस म्हणतंच, "याकोबराव असते तर आत्तापर्यंत पाणी गेलंसुद्धा असतं." मी तिथेच उभा असतो. हातात माझी हत्यारं असतात, बाह्या वर केलेल्या असतात, आणि माझ्या तोंडावर हे बोललं जातं. मी नळकामात जन्म घालवला. पण याकोब साळवे गाव सोडून गेले त्याला इतकी वर्षं लोटली तरी त्यांच्यानंतर माझं नाव घ्यायची लोकांची सवय काही गेली नाही.

आम्ही तांबट. वडील हंडे-घागरी घडवायचे. पुढे कॅन्टोन्मेंटच्या बंगल्यांतून नळ आले, तसा मी सांध्यांना डाग द्यायचं काम घेऊन नळांकडे वळलो. याकोबरावांचं तसं नव्हतं. त्यांचे वडील मिशनच्या बागेत माळी होते. लढाईच्या काळात मिलिटरीच्या बराकींना पाइप टाकायचं मोठं काम निघालं, त्यात हे मजूर म्हणून शिरले आणि मिस्त्री होऊन बाहेर पडले. म्हणजे माझ्या घरात धातूचं काम पिढ्यान्‌पिढ्या, आणि हा माणूस काल आलेला. तरी बंगल्यांतले खानसामे त्यांना 'मिस्त्रीसाब' म्हणत आणि मला नुसतं 'अरे नळवाले'.

याला त्यांचे कपडेही कारण असावेत. गटाराच्या कामाला जाताना हा माणूस पांढराशुभ्र इस्तरीचा सदरा घालायचा. कामाच्या जागी पोचला की तो काढून सायकलच्या दांडीवर घडी घालून ठेवायचा, खाकी बंडी चढवायचा, आणि काम झालं की रिठ्याच्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुऊन पुन्हा सदरा घालूनच पैसे मागायला जायचा. "मळक्या कपड्यात मागितलं की लोक भीक दिल्यावानी देत्यात," असं त्यांचं म्हणणं. सायकलच्या हँडलला त्यांचा स्वतःचा निळा एनॅमलचा कप लटकत असे. चहा विचारला की ते तो पुढे करत. कुठल्या कपात द्यावा हा प्रश्न घरच्या बाईला पडायच्या आतच कप पुढे आलेला असे. मी चहा त्या घरच्याच कपातून प्यायचो, त्यामुळे मला तो प्रश्न कधी पडला नाही. पण तो कप पुढे करायची त्यांची ऐट मात्र माझ्या डोळ्यांत खुपायची. आपण जणू साहेबाशी हात मिळवतोय अशी.

लढाई संपली आणि भिंगारच्या मैदानावर मिलिटरीच्या उरलेल्या सामानाचे लिलाव सुरू झाले. तंबू, बूट, बादल्या, तारा, काय वाटेल ते. त्या वेळी बाजारात पाइप औषधालासुद्धा मिळत नव्हते, म्हणून माझा डोळा पाइपांवर होता. याकोबरावही आले होते. त्यांनी छपरावर पत्रे घालायला पैसे साठवले होते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण मार्थाबाई, त्यांची बायको, येता-जाता सगळ्यांना सांगायच्या की यंदा पाचट उतरवून पत्रे चढणार.

पाइपांचा ढीग मी घेतला. याकोबरावांनी बोलीच लावली नाही. मग अमेरिकन पलटणीने मागे टाकलेल्या भंगारातून एक लोखंडी पिंप निघालं. त्याच्या पोटात अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी स्प्रिंग वेटोळं घालून बसलेली, टोकाला बूच काढायच्या स्क्रूसारखा पीळ आणि बाजूला फिरवायचा दांडा. सोबत पितळी आट्यांनी एकमेकांत बसणाऱ्या वेताच्या काठ्यांचा एक भारा. हे कशाचं सामान आहे ते लिलाव करणाऱ्यालाही सांगता येईना. याकोबरावांना माहीत होतं. बराकींच्या कामावर त्यांनी ते चालताना पाहिलं होतं. त्यांनी बोली लावली, पुढे बोलायला कुणी नव्हतं, तरी सरकारी किंमतच एवढी होती की पत्र्यांचे पैसे त्यातच गेले.

आम्ही हसलो. मी जरा जास्तच. नळवाल्याने नळ बसवावेत. तुंबलेलं काढायला मेहतर होतेच की. हिरालाल मेहतर बांबूच्या चिवाट्या घेऊन यायचा आणि चिवाटी पुरली नाही की गटाराच्या कुंडीत उतरायचा. चारचौघांतला कारागीर स्वतःच्या पैशाने ते काम कशाला अंगावर घेईल? बाजारातल्या एकाने त्या स्प्रिंगला 'धामण' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मार्थाबाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. माझी बायको सरस्वती मला म्हणाली की त्या बाईचं नशीबच फुटकं. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं याकोबरावांच्या बाबतीत मला बरं वाटलं नाही.

मी पाइप विकले. चांगला भाव आला, सणाला घरात नवं लुगडं आलं, आणि पाइप संपले. धामण काही संपली नाही.

पहिला दणका मला साहेबांच्या मेसवर बसला. तिथल्या मुदपाकखान्याचं पाणी तुंबलं होतं. मी जाऊन पाहणी केली आणि सांगितलं की व्हरांड्याच्या फरश्या उचलून, खाली खणून पाइप बदलावा लागेल. मोठं काम होतं, मी गवंडीसुद्धा सांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी गवंड्याला घेऊन गेलो तर व्हरांड्यात याकोबराव बसलेले, शेजारी ते पिंप. आधी त्यांनी खानसाम्याला पाटाएवढ्या दगडावर बसवून विचारलं होतं, आठवडाभरात काय काय शिजलं. चरबी किती, भांडी कशाने घासता. मग हिरालालला दांड्यावर लावलं आणि स्वतः कातडी हातमोजा घालून स्प्रिंग आत सोडू लागले. डोळे मिटलेले. मधेच म्हणायचे, "थांब. आता उलटी. सावकाश." ऊन व्हरांड्याच्या पायरीवर यायच्या आत आतून गुडगुडल्यासारखा आवाज झाला आणि अडकलेलं पाणी भसकन निघून गेलं. स्प्रिंगच्या टोकाला गोठलेल्या चरबीत गुंडाळलेलं भांडी पुसायचं फडकं आलं. एक फरशी हलली नव्हती. मी गवंड्याला परत नेलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सुचायला हवं होतं, आणि सुचलं नाही याचा राग मला त्यांच्यावरच येतो. तुंबल्यावर बोलावणं येईल म्हणून ते घरी बसून राहिले नाहीत. उन्हाळ्यातच ते इस्तरीचा सदरा घालून बंगल्याबंगल्याला, खानावळींना, मिशनच्या दवाखान्याला, वसतिगृहाला गेले आणि वर्षाचा गुत्ता ठरवला: ठरल्या वेळी येईन, तुंबायच्या आधीच धामण फिरवून जाईन. लोकांना ते पटलं. आणि जिथे धामण शिरली तिथे मागोमाग नळकामही त्यांचंच झालं. आत स्प्रिंग कुठे अडखळली, कुठला सांधा खचलाय, कुठे पिंपळाची मुळी शिरलीये, हे त्यांना आधी कळायचं. मग दुरुस्ती कोण करणार? माझी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली. रस्त्यात भेटली की ती मला तोंडभरून हसायची, याचं तर जास्तच वाईट वाटायचं.

एकदा मी त्यांना विचारलंच की पाइप सोडून हे घ्यायची बुद्धी झाली कशी. ते सायकल पुसत होते. म्हणाले, "दत्तोबा, पानी आननाऱ्याला लोक इसरत्यात. घालवनाऱ्याला न्हाई इसरत. तुमी नळ बसवला की तो धा वर्सं बोलत न्हाई. आन् घर जेवतंय म्हंजे मोरी तुंबनारच." मग हसून पुढे म्हणाले, "धामण गाईचं दूध पिती म्हनत्यात. माझी धामण मलाच दूध देती."

हे वाक्य त्यांनी गावभर केलं होतं. लोक ते मला ऐकवायचे, जणू मी ते ऐकलंच नसेल.

त्यांच्या खात्यावर आणखी एक गोष्ट जमा व्हायची, तिचा मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. हिरालालचा थोरला भाऊ लढाईच्या आधी एका मैलाटाकीत उतरला होता, तो दोरीने ओढून काढावा लागला आणि संध्याकाळपर्यंत गेला. धामण आल्यापासून हिरालाल कुंडीत उतरलेला नव्हता. तो काठावर बसून दांडा फिरवायचा, पायात मिलिटरीचे बूट. साहजिकच लोक याकोबरावांना पुण्यवान म्हणू लागले. मिशनच्या शाळेतले मास्तर एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले की तुम्ही मोठं धर्मकार्य केलंत. याकोबराव चक्क चिडले. म्हणाले, "धरम न्हाई मास्तर, धंदा हाय. धरम म्हनलं की तुमी पैसे द्यायचं इसराल." झालं, त्यावरूनही लोक म्हणाले, बघा, किती निगर्वी माणूस. निगर्वी! सदऱ्याला नीळ देऊन इस्तरी करणारा तो माणूस मुळीच निगर्वी नव्हता. आपण हुशार आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. धंदा करून नफाही त्यांनाच आणि नको नको म्हणून पुण्यही त्यांनाच. माणसाने एक काहीतरी दुसऱ्याला ठेवावं.

छपरावर पत्रे चढले. मग पत्रे जाऊन मंगलोरी कौलं आली. मार्थाबाई आमच्याकडे येऊन सांगून गेल्या. सरस्वती त्या संध्याकाळी आमच्या छपराकडे दोन-तीनदा बघून गेली. पुणतांब्याहून माझा मेहुणा आला तर तोही तेच घेऊन आला: त्यांच्याकडच्या साखर कारखान्याच्या बंगल्यांवर भिंगारचा कुणी याकोबमिस्त्री रेल्वेने पिंप घेऊन येतो, काय हात आहे म्हणून सांगू! ओळखता का तुम्ही त्यांना? मी म्हटलं, ओळखतो.

शेवटी मीही मुंबईहून धामण मागवली. सेकंडहँड होती, पण त्यांच्यापेक्षा लांब. मला वाटलं, आता बघू. एका सिनेमा थिएटरच्या मालकाला मी गळ घातली, मॅटिनीच्या आधी काम करून देतो म्हणालो. स्प्रिंग आत गेली, अडली, मी दांडा जोराने फिरवला. अजून जोराने फिरवला. आत तिला पीळ बसला आणि ती ना पुढे जाईना ना मागे येईना. बाहेर तिकिटाला रांग लागली, मालक दर थोड्या वेळाने येऊन माझ्या डोक्यावर उभा राहायला लागला, आणि मग मला न विचारताच त्याने सायकलवर माणूस पिटाळला. कुणाकडे, ते सांगायला नकोच.

याकोबराव आले. सदरा काढून घडी घातली. माझ्याकडे न बघता वाकून स्प्रिंगला हात लावला आणि बराच वेळ नुसता लावून ठेवला, वैद्य नाडी बघतो तसा. मग अगदी थोडीथोडी उलटी फिरवत, थांबत, ढिली सोडत त्यांनी ती मोकळी केली. मालक तावातावाने विचारू लागला की हे यांना येत नाही तर यांनी काम घेतलंच कशाला. याकोबराव हात धूत म्हणाले, "यांची चूक न्हाई, शेठ. पाइप टाकनाऱ्यानं उतारच दिला न्हाई. म्या असतो तर माझीबी अडकली असती."

त्यांची अडकली नसती. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मालकाने माझे पैसेही दिले. बाहेर आल्यावर याकोबराव सायकल हातात धरून माझ्याबरोबर वेशीपर्यंत चालत आले आणि म्हणाले की एवढ्या कामाला एक धामण पुरत नाही, दोघं मिळून करू, पाटीवर तुमचं नाव आधी घालू. भागीदारीची भाषा ते अशी सहज बोलले जणू उद्याच्या भाजीबद्दल बोलावं. मी म्हणालो की आमच्यात घरातल्या माणसाशिवाय भागीदारी करत नाहीत. ते "बरं" म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. पाटीवर माझं नाव आधी! त्यांनी ते देऊ केलं म्हणूनच मला नको झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मांडव दारातच घातला होता. व्याही जामखेडचे. त्या भागातली माणसं पाणी तोलून-मापून वापरणारी, सांडलेलं त्यांना बघवत नाही. सकाळच्या पहिल्या पंगती उठल्या आणि मागच्या अंगणात मोरी तुंबली. खरकटं पाणी दाराखालून मांडवात आलं. नळवाल्याच्या घरची मोरी! पाहुणे पाय वर घेऊन बसले. व्याही धोतराचा सोगा हातात धरून मला म्हणाले, "तुमचा धंदा हाच ना हो?"

मी माझी धामण काढली होती. थिएटरात बसलेला पीळ तिच्या अंगात राहिलाच होता. ती दोन हात आत गेली आणि वाकली. मी वर पाहिलं तर मागच्या दाराने याकोबराव येत होते, मागे हिरालालच्या डोक्यावर पिंप. सरस्वतीने बोलावणं धाडलं होतं. लग्नाचं आमंत्रण मात्र आम्ही त्यांना दिलेलं नव्हतं. ख्रिस्ती वस्तीत आम्ही कुणालाच दिलं नव्हतं, तशी पद्धतच नव्हती.

भर मांडवाच्या मागे, वऱ्हाड बघत असताना, त्यांनी माझी मोरी मोकळी केली. पत्रावळी, द्रोण, भाताचा गोळा. व्याही खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांना धामणीबद्दल एकेक विचारू लागले. जामखेडला असं यंत्र चालेल का, कितीपर्यंत मिळेल. नवरदेवसुद्धा बाशिंग सावरत बघायला आला. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्यांचं तोंड त्या मोरीकडे होतं.

काम झालं. सदरा घालून ते माझ्यासमोर आले आणि रीतसर मजुरी मागितली. मला वाटलं होतं, लग्नघर म्हणून नको म्हणतील. तसं झालं असतं तर मला त्यांचा राग तरी धरता आला असता. मी पैसे काढताना म्हणालो, "आजच्या दिवशीसुद्धा घेता होय, याकोबराव?"

ते शांतपणे म्हणाले, "पाव्हना म्हनून बोलावलं असतं तर नसतं घेतलं. तुमी मिस्त्री म्हनून बोलावलंय."

पैसे खिशात घालून ते निघाले. तेवढ्यात सरस्वती पदर खोचून आली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली. म्हणाली की मजुरी मिस्त्रीची झाली, आता पाहुण्याचं पान मांडलंय, आणि हिरालालचंही. माझ्याकडे कुणी विचारणा केली नाही. याकोबराव चपला काढून शेवटच्या पंगतीच्या टोकाला बसले, हिरालाल त्यांच्या शेजारी. दोन-चार माणसं उठून गेली. व्याही उठले नाहीत. उलट आपलं पान उचलून ते याकोबरावांच्या समोर येऊन बसले, कारण त्यांचं यंत्राबद्दलचं विचारायचं अजून राहिलं होतं. सरस्वतीने याकोबरावांना जिलबी आग्रह करून वाढली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने मला कधी आग्रह केलेला नाही.

मधल्या वर्षांत स्वातंत्र्य आलं होतं, गोरी पलटण गेली होती, बंगल्यांत आपले साहेब आले होते. मोऱ्या तुंबायच्या तशाच तुंबत राहिल्या. मग कळलं की याकोबरावांना नाशिककडे एका मोठ्या वसाहतीचं काम मिळालंय, तिथे विजेवर चालणारं यंत्र घेणार आहेत, आणि घर विकून ते सगळे निघालेत.

सांगतो ते खरं सांगतो, मला आनंद झाला. त्याहून मोठी आशा लागली ती धामणीची. वीजयंत्र येणार म्हणजे ती विकणार, आणि या गावात ती घ्यायला माझ्याशिवाय आहे कोण? मी त्यांच्याकडे गेलो, खूप दिवसांनी त्यांच्या ओट्यावर बसलो, मार्थाबाईंनी चहा दिला. इकडचं तिकडचं झाल्यावर विषय काढला. याकोबराव म्हणाले की धामण तर दिली. हिरालालला दिली. हप्त्याहप्त्याने पैसे फेडायच्या बोलीवर, आणि वर्षाचे सगळे गुत्तेही त्याच्याच नावावर करून दिले. बंगल्याबंगल्यात त्याला घेऊन जाऊन सांगून आले होते की यापुढे हिरालालमिस्त्री येतील.

"तुमाला म्या इचारलं हुतं, दत्तोबा," ते म्हणाले. "वेशीपाशी. आठवतंय ना?"

मी म्हटलं, आठवतंय.

ते गेले त्या दिवशी मी नगर स्टेशनवर पोचवायला गेलो. सरस्वतीने मार्थाबाईंसाठी शेंगदाण्याचे लाडू दिले होते, ते द्यायचे होते. गाडी लागली. याकोबराव खिडकीत बसले, सदरा नेहमीसारखा कडक. फलाटावर मी आणि हिरालाल शेजारी शेजारी उभे होतो. हिरालालनेही त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता, घड्या अजून उमटलेल्या होत्या. मी लाडवांचा डबा आत दिला, ते "वैनींना नमस्कार सांगा" म्हणाले, आणि वळून हिरालालशी बोलू लागले: काम झालं की रॉकेलने पुसून तेल देत जा, ओली गुंडाळू नको, अडली तर जोर करू नको, हात लावून उभा राहा, तीच सांगेल. हिरालाल मान डोलवत होता आणि डोळे पुसत होता. गाडी हलली तरी त्यांचं सांगणं चालूच होतं. तो गाडीबरोबर चालू लागला, मीही चालू लागलो, पण गाडीच्या आवाजात मला पुढचं ऐकू आलं नाही.

फलाट संपला तिथे आम्ही थांबलो. याकोबरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. आम्ही दोघे इतके जवळ उभे होतो की तो हात कुणाला होता हे सांगता येणार नाही. हिरालालने दोन्ही हात जोडले. मीही माझा हात वर केला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत खाली घेतला नाही.